मध्यंतरात बाकावर बसवलेला क्वार्टरबॅक: जेलन हर्ट्सने अलाबामात थांबणे योग्य होते का?

मुळामुठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलवर येथे क्वचितच कोणी लिहिते, परंतु तेथे शिकून आलेले आणि तेथेच स्थायिक झालेले बरेच सभासद हा खेळ आवडीने पाहतात, हे ठाऊक असल्यामुळे धागा काढण्याचे धाडस करीत आहे. विषय जेलन हर्ट्सच्या कॉलेजातील चार हंगामांचा आहे. फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघासाठी त्याने पुढे जे केले ते जगजाहीर आहे, म्हणून ते शक्यतो बाजूला ठेवावे ही विनंती.

२०१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हर्ट्स अलाबामा विद्यापीठाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, झाला. कॉलेजात पाऊल टाकल्याच्या पहिल्याच वर्षी त्या संघात ही जागा मिळवणारा तो ३२ वर्षांतील पहिला खेळाडू होता. दोन हंगामांत त्याने सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ सामने अलाबामाने जिंकले. तरीही ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा येथे जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, मध्यंतराला संघ १३-० असा मागे असताना, प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला खाली बसवले आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला मैदानात पाठवले. अलाबामाने तो सामना जादा वेळेत २६-२३ असा जिंकला. पुढच्या हंगामात पहिली पसंती टुआला मिळाली. हर्ट्स मात्र संघ सोडून न जाता वर्षभर दुय्यम म्हणून राहिला आणि २०१९ मध्ये ओक्लाहोमाला गेला.

मी २०१८ ते २०२० या काळात नॉर्मन येथे, म्हणजे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या गावी, एम.एस. करीत होतो, त्यामुळे त्याचा शेवटचा हंगाम मी स्टेडियममध्ये बसून पाहिला. १ सप्टेंबर २०१९ ची ती रविवारची संध्याकाळ, ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धचा पहिला सामना, उकाड्याने अंगाला चिकटलेला गडद लाल टी-शर्ट आणि शेजारी बसलेला तेलुगू रूममेट मला अजून आठवतो. हर्ट्सने त्या सामन्यात ३३२ यार्डांचे पास दिले, १७६ यार्ड स्वतः धावला आणि सहा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) केले. स्वतःच्याच गावच्या विद्यापीठाला त्याने धुऊन काढले! त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे: २०१८ चे वर्ष बाकावर घालवणे हा त्याचा त्याग होता, तोटा होता की हिशेब?

खेळीमेळी

धाग्यासाठी आभार. ज्यांना हा खेळ कळत नाही अशा माझ्यासारख्यांसाठी कोणी दोन ओळींत सांगेल का, की क्वार्टरबॅकला बसवणे ही एवढी मोठी गोष्ट का मानली जाते? क्रिकेटमध्ये कर्णधारालाही वगळतात.

मुळामुठा

खेळीमेळी, क्रिकेटमध्ये वगळलेला फलंदाज पुढच्या सामन्यात वेगळ्या क्रमांकावर खेळू शकतो. फुटबॉलमध्ये आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो, चेंडू कोणाला द्यायचा हे तो तीन-चार सेकंदांत ठरवतो आणि ती जागा एकच असते. धावपटू किंवा झेल घेणारे आलटून पालटून खेळतात. क्वार्टरबॅकचे तसे नसते. दुसऱ्या पसंतीच्या मुलाने टोपी घालून संपूर्ण हंगाम रेषेबाहेर उभे राहावे, हीच रीत आहे.

टस्कलूसाकर

मी टस्कलूसात, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावात, अकरा वर्षे राहिलो असल्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. सेबन यांचा निर्णय क्रूर नव्हता, तो केवळ उशिरा घेतलेला होता. पहिल्या अर्ध्या भागात हर्ट्सने आठ पैकी तीन पास पूर्ण केले होते आणि त्यांतून मिळाले होते २१ यार्ड. जॉर्जियाच्या बचावफळीने ओळखले होते की हा मुलगा धावणार, म्हणून ती माणसे पुढे आणून उभी करीत होती आणि मागची जागा मोकळी सोडत होती. त्या मोकळ्या जागेत चेंडू टाकू शकेल असा हात टुआकडे होता.

जादा वेळेत जॉर्जियाने ५१ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) मारून २३-२० अशी आघाडी घेतली. त्यानंतर टुआ पहिल्याच डावात १६ यार्ड मागे पाडला गेला. आमच्या बैठकीच्या खोलीत तेव्हा कोणी बोलत नव्हते. पुढच्या डावात ४१ यार्डांचा पास डेव्होंटा स्मिथच्या हातात पडला आणि सामना संपला. या सगळ्या गदारोळात कॅमेरा हर्ट्सवर गेला तेव्हा तो मनापासून हसत होता, टुआला मिठी मारत होता. आमच्या गावाने त्याला त्या मिठीसाठी कायमचे आपले मानले.

जुनाजाणता

मिठीचे कौतुक पुरे झाले असे मला वाटते. वाईट मानू नका, परंतु हर्ट्सची प्रतिमा सोशिक संताची करून ठेवणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने पत्रकारांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितले होते, की इतक्या महिन्यांत आपल्याला नेमके काय वाटते हे कोणी विचारलेच नाही. तो दुखावलेला होता आणि ते बोलूनही दाखवत होता.

दुसरे असे, की २६-२ या आकड्याचा फार बाऊ करू नये. त्या संघाची बचावफळी अशी होती, की तिच्या जोरावर एखादा मध्यम क्वार्टरबॅकसुद्धा वीस सामने जिंकला असता. शिवाय ज्या अंतिम सामन्यात त्याला मध्यंतरात उठवले, तो विजयही सामना सुरू करणारा म्हणून त्याच्याच खात्यावर जमा झालेला आहे, ही गंमत धागाकर्त्यांनी सांगितली नाही.

मुळामुठा

जुनाजाणता, खात्यावरच्या विजयाचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षातच आला नव्हता.

वृंदा_ह्यूस्टन

आम्ही ह्यूस्टनच्या पूर्वेला राहतो. हर्ट्सची शाळा ज्या चॅनलव्ह्यू भागात आहे तेथून माझे यजमान रोज कामाला जातात. जहाजांचा कालवा आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांच्या शेजारची ती कष्टकरी वस्ती आहे. हर्ट्सचे वडील त्याच शाळेच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि थोरला भाऊही तेथेच क्वार्टरबॅक होता. ज्या मुलाने लहानपणापासून घरी जेवताना खेळाच्या चित्रफिती पाहिल्या, त्याला बाकावर बसणे म्हणजे काय हे इतरांपेक्षा लवकर कळले असणार. प्रशिक्षकाच्या घरात वाढलेली मुले निर्णय पटला नाही तरी सराव चुकवत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

हा धागा मी जरा स्वार्थानेच वाचत आहे. माझा मुलगा शाळेच्या संघात क्वार्टरबॅक होता आणि यंदा त्याची जागा एका खालच्या इयत्तेतल्या मुलाला मिळाली. त्याबद्दल नंतर लिहीन.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून फक्त पास पूर्ण होण्याचे प्रमाण पाहू. २०१६ मध्ये ते ६२.८ टक्के होते. २०१७ मध्ये ६०.४ टक्क्यांपर्यंत उतरले. २०१८ मध्ये, म्हणजे बाकावरच्या वर्षात, त्याने मोजके ७० पास टाकले आणि त्यांतील ५१ पूर्ण झाले, म्हणजे ७२.९ टक्के. ओक्लाहोमात संपूर्ण हंगाम खेळून ६९.७ टक्के, ३,८५१ यार्ड आणि ३२ टचडाउन पास. त्याखेरीज १,२९८ यार्ड धावून आणखी २० टचडाउन.

७० पासांवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते. पण सत्तरांनंतर तीनशे चाळीस पासांतही सुधारणा टिकून राहिली आहे, तेव्हा २०१८ मध्ये काहीतरी शिकणे घडले एवढे तरी म्हणता येईल.

जुनाजाणता

आकडेमोड, ओक्लाहोमात लिंकन रायली यांच्या हाताखाली कोणाचे आकडे वाढले नाहीत? २०१७ चे हाइझमन पारितोषिक (वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) बेकर मेफिल्डला, २०१८ चे काइलर मरेला, दोघेही ओक्लाहोमाचे आणि दोघेही दुसऱ्या कॉलेजातून आलेले. हर्ट्स २०१९ मध्ये दुसरा आला. कारखाना चांगला असला म्हणजे माल चांगला निघतोच. आणि खरा कस लागला तेव्हा काय झाले? २८ डिसेंबर २०१९, उपांत्य सामना, समोर जो बरोचा एल.एस.यू. (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) संघ, निकाल ६३-२८.

टस्कलूसाकर

त्या सामन्यात बरोने पहिल्या अर्ध्या भागातच सात टचडाउन पास टाकले होते. हर्ट्स काही बचावफळीत खेळत नव्हता हो!

कारखान्याच्या मुद्द्यावर मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. अलाबामात त्याला शिकवणारे किती वेळा बदलले ते पाहा. २०१६ मध्ये आक्रमणाची सूत्रे लेन किफिन यांच्याकडे होती. क्लेम्सनविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर ते गेले आणि त्या एका सामन्यापुरते स्टीव्ह सार्किसियन आले. २०१७ मध्ये ब्रायन डेबोल, २०१८ मध्ये माइक लॉक्सली, २०१९ मध्ये रायली. चार हंगामांत पाच गुरू. प्रत्येकाची परिभाषा वेगळी, डावांची नावे वेगळी, पायांची चाल वेगळी. दहावीच्या वर्षात गणिताचा मास्तर बदलला तरी आपल्याकडे पालक शाळेवर मोर्चा नेतात.

बाकावरचा

आयुष्यभर बारावा खेळाडू राहिलेल्या माणसाने या धाग्यावर काय लिहावे? मी कॉलेजात तीन वर्षे संघाबरोबर गावोगाव फिरलो आणि माझ्या नावावर एकूण चौदा धावा आहेत. थांबण्यामागे माझा कसलाही हिशेब नव्हता, कारण मला दुसरीकडे कोणी बोलावलेच नव्हते. हर्ट्सला बोलावणारे पन्नास जण होते, हा फरक ध्यानात घ्यावा.

पंतोजी

बाकावरचा यांनी विनोदात खरा मुद्दा मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या प्रश्नाचे उत्तर स्वभावात शोधण्यापूर्वी तेव्हाच्या नियमांत शोधावे लागते.

प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, हा तेव्हाचा मूळ नियम. पदवी पूर्ण न करता कॉलेज बदलल्यास नव्या ठिकाणी एक हंगाम बाहेर बसावे लागे. पदवी हातात असेल तर मात्र लगेच खेळता येत असे. म्हणजे हर्ट्सने २०१८ च्या जानेवारीत रागाने बॅग भरली असती, तरी ते वर्ष त्याला बाकावरच काढावे लागले असते, फक्त बाक दुसऱ्या गावचा असता. हे ध्यानात घेतले की त्यागाची अर्धी कथा आपोआप गळून पडते. तो राहिला, डिसेंबर २०१८ मध्ये त्याने पदवी घेतली आणि महिन्याभरात ओक्लाहोमात दाखल झाला. शिक्षण वेगाने पूर्ण करणे हीच त्याची खरी चाल होती.

परंतु त्याने काहीच गमावले नाही असेही नाही. जून २०१८ मध्ये नवा नियम आला: हंगामात चारपर्यंतच सामने खेळल्यास तो हंगाम मोजला जाणार नाही. चार सामन्यांवर थांबला असता तर ओक्लाहोमात त्याला दोन वर्षे मिळाली असती. त्याच सप्टेंबरात क्लेम्सनच्या केली ब्रायंटने नेमके तेच केले. ट्रेव्हर लॉरेन्सला पहिली पसंती मिळताच चार सामन्यांनंतर तो संघ सोडून गेला, आणि तेव्हाच्या नियमानुसार त्यात गैर काहीच नव्हते. तीनच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, हर्ट्स पाचव्या सामन्यात मैदानात उतरला. समोरचा संघ दुबळा होता, विजय निश्चित होता, त्याची तेथे गरजही नव्हती. तरीही तो उतरला आणि एक हंगाम त्याने कायमचा खर्ची टाकला. मुळामुठा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर जानेवारीच्या त्या रात्रीत नसून सप्टेंबरातल्या या दुपारी आहे, असे माझे मत आहे.

आकडेमोड

पंतोजींना अनुमोदन. हा सामना मी हिशेबात धरलाच नव्हता.

जुनाजाणता

पंतोजी, तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो आहे, पण अर्धाच. तो हंगाम वाचवून त्याला काय मिळाले असते? एका वर्षात तो हाइझमनच्या शर्यतीत दुसरा आला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, गेला. दुसऱ्या वर्षाची गरजच पडली नाही. म्हणजे सप्टेंबरात त्याने जे दिले, त्याची किंमत शेवटी शून्य ठरली.

पंतोजी

ती शून्य ठरली हे आपल्याला आज कळते. २९ सप्टेंबरला त्याला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. गुडघा दुखावला असता, ओक्लाहोमाऐवजी एखादे दुय्यम कॉलेज मिळाले असते, तर तेच एक वर्ष सोन्याच्या मोलाचे ठरले असते. निर्णय ज्या क्षणी घेतला त्या क्षणीच्या माहितीवर तोलायचा असतो.

खेळीमेळी

मला आता खेळ कळू लागला आहे. मग त्या २०१८ च्या हंगामात त्याला खेळायला मिळाले की नाही?

टस्कलूसाकर

मिळाले, आणि कसे मिळाले म्हणून सांगू! १ डिसेंबर २०१८. साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे अलाबामा ज्या गटात खेळते त्या गटाचा, अंतिम सामना. तेच अटलांटा, तेच स्टेडियम, समोर तोच जॉर्जिया. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जॉर्जिया २८-१४ असा पुढे होता. टुआने एक टचडाउन देऊन अंतर सातवर आणले, पण त्याचे घोटे आधीच जायबंदी होते आणि चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्याच सहकाऱ्याचा पाय त्याच्या पायावर पडला. टुआला आधार देऊन बाहेर नेत असताना हर्ट्स रेषेवर दोनच सराव-पास टाकून आत गेला.

मी त्या दिवशी मैदानात होतो, वरच्या मजल्यावर, जॉर्जियाच्या लाल गर्दीत अडकलेला. पहिले दोन-तीन डाव लोक टाळ्याही वाजवत नव्हते, फक्त पाहत होते. त्याने एकूण नऊ पैकी सात पास पूर्ण केले. जेरी जूडीला टचडाउन देऊन बरोबरी साधली. मग जॉर्जियाने पंटचा (चेंडू लाथाडून दूर देण्याचा) बहाणा करून जस्टिन फील्ड्सला पळवण्याचा जुगार खेळला, तो फसला, आणि शेवटचे मिनिट उरले असताना हर्ट्स स्वतः १५ यार्ड धावत जाऊन पडला. ३५-२८. ज्या खेळाडूला हा गडी पास देऊ शकत नाही म्हणून उठवले होते, त्याने सामना आधी पासने बरोबरीत आणला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सेबन यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होते आणि तो माणूस सहसा घड्याळाकडे पाहूनही हसत नाही.

आकडेमोड

एक पुरवणी. त्या फसलेल्या डावातील जस्टिन फील्ड्स पुढच्याच महिन्यात ओहायो स्टेटला गेला. जो बरो त्याच्या आधीच ओहायो स्टेट सोडून एल.एस.यू.ला आलेला होता. २०१९ च्या हाइझमनच्या अंतिम चौघांत तीन क्वार्टरबॅक होते, बरो, हर्ट्स आणि फील्ड्स, आणि तिघेही कॉलेज बदलून आलेले होते. त्यामुळे थांबणारा निष्ठावंत आणि जाणारा स्वार्थी ही मांडणीच टिकत नाही. हर्ट्सनेही शेवटी कॉलेज बदललेच.

बाकावरचा

मुळामुठा, एक प्रश्न राहून गेला. तुमच्या नॉर्मनमध्ये सामन्यात घोडागाडी उलटली होती म्हणे, ती हर्ट्सच्याच वर्षी का?

मुळामुठा

हो, त्याच वर्षी. वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना, ऑक्टोबर २०१९. टचडाउन झाले की दोन पांढऱ्या तट्टांची छपराची गाडी मैदानात फेरी मारते. त्या दिवशी वळणावर ती आडवी झाली, वरची मंडळी गवतावर विखुरली आणि तट्टे मोकळी धावत सुटली. सुदैवाने कोणाला गंभीर इजा झाली नाही. माझा रूममेट म्हणाला, हर्ट्सने इतकी टचडाउन केली की तट्टेही दमली.

मूळ विषयाकडे येतो. मी धागा काढताना मनात उत्तर जवळजवळ ठरवून बसलो होतो, की थांबणे हा त्याग होता. पंतोजींचे नियम वाचल्यावर तो शब्द मागे घेतो. पण हिशेब हा शब्दही सप्टेंबरातल्या त्या पाचव्या सामन्याला पुरत नाही. बेलरविरुद्ध आम्ही २८-३ असे मागे होतो आणि ३४-३१ असे जिंकलो, त्या नोव्हेंबरच्या रात्री मला त्याच्या चेहऱ्यावर घाई दिसली नाही. ती सवय बाकावर लागली की आधीपासूनच होती, हे मी सांगू शकत नाही.

जुनाजाणता

धागाकर्त्यांनी घातलेली अट मोडतो, क्षमस्व. २०२० च्या ड्राफ्टमध्ये बरो पहिला, टुआ पाचवा आणि हर्ट्स ५३ वा गेला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, हर्ट्स सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचा ४६ यार्डांचा टचडाउन पास झेलला तो डेव्होंटा स्मिथने. ज्याच्या झेलाने २०१८ ची ती रात्र टुआची झाली, तोच स्मिथ. मी त्या दिवशी टीव्हीसमोर चहाचा कप हातात धरून बराच वेळ उभा होतो, एवढे कबूल करतो.

टस्कलूसाकर

जुनाजाणता, अट मोडल्याबद्दल आमच्या गावाकडून तुम्हाला माफी आहे.

पंतोजी

आता नियम पार बदलले आहेत. २०२१ पासून पहिल्या बदलीला बाहेर बसावे लागत नाही, त्याच वर्षापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येते आणि २०२५ पासून विद्यापीठे थेट पैसेही देऊ लागली आहेत. आज एखाद्या क्वार्टरबॅकला अंतिम सामन्यात मध्यंतराला उठवले, तर तो पुढच्या सप्टेंबरात त्याच संघाच्या रेषेवर उभा असेल, असे मला वाटत नाही. त्याला दोषही देता येणार नाही.

वृंदा_ह्यूस्टन

सर्वांचे आभार. लिहीन म्हटले होते, म्हणून लिहिते. मुलाने मागच्या आठवड्यात विचारले, की पलीकडच्या शाळेत जागा रिकामी आहे, जाऊ का? मी त्याला हर्ट्सचे उदाहरण देणार होते. पंतोजींचे वाचल्यावर दिले नाही, कारण हर्ट्सपुढे जे पर्याय होते ते माझ्या मुलापुढे नाहीत आणि त्याचे ओझे याच्यावर टाकणे बरे नव्हे. आम्ही दोघांनी बसून फक्त एवढेच पाहिले, की शाळा बदलली तर कोणते विषय पुन्हा घ्यावे लागतील. रसायनशास्त्र पुन्हा घ्यावे लागेल असे दिसताच तो गप्प झाला.

तूर्त तो आहे तेथेच आहे. किक मारताना चेंडू टोकावर उभा धरण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. त्यासाठी रोज संध्याकाळी अंगणात गुडघ्यावर बसून सराव चालतो आणि किक मारायला मला उभे करतो. काल मी चेंडूऐवजी त्याच्या बोटांना लाथ मारली. शुक्रवारी सामना आहे, बोट सुजले आहे, पण वाकते आहे.